सातव्या ओळीपर्यंत

३ मार्च
चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायला लागून एकोणीस वर्षे झाली. आज संकल्प केला. पाहणे म्हणजे काय, यावर ग्रंथ लिहायचा. तीनशे पाने. रोज दोन, म्हणजे पाच महिने. (सुट्ट्या धरल्या नव्हत्या. प्रामाणिकपणे सहा.)
दुकान उघडल्यावर रोजच्यासारखी स्वतःची नजर तपासली. भिंतीवरचा अक्षरांचा बोर्ड सातव्या, म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एकही चूक नाही.

५ मार्च
प्रकरण पहिले. प्राचीनांचे एक मत: डोळ्यांतून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, काठीने चाचपावे तसे. आपल्या नैयायिकांचेही साधारण हेच म्हणणे. विरुद्ध पक्ष: वस्तूच स्वतःची पातळ सालपटे हवेत सोडते, ती डोळ्यांत येतात. बायकोला समजावून सांगितले. ती म्हणाली, तुमच्या कपात माशी पडली होती, तिचं सालपट पोचलं नाही वाटतं. चहा पिऊन झाला होता.
पाने: अर्धे.

९ मार्च
लेक जेवताना गप्प. कारण विचारले. काही नाही म्हणाली. वय तेरा. कारण असलेच पाहिजे असे नाही.
पाने: शून्य. शाई फिकी उमटते. नवे पेन आणणे.

१० मार्च
नवे पेनही तसलेच.

१२ मार्च
मालकांनी आत बोलावले. मी नंबर काढलेले दोन चष्मे परत आले. एका आजोबांना जिन्याच्या पायऱ्या अंगावर येतात. कार्डावर अधिकच्या जागी उणे पडले होते. मालक म्हणाले, एकोणीस वर्षांत असं झालं नाही, घरी सगळं ठीक ना? आणखी एक चष्मा परत आला तर त्यांना दुसरा माणूस बघावा लागेल, असेही म्हणाले. मी म्हटले, ग्रंथाचा ताण आहे. हे खोटे होते का, यावर बराच विचार केला. संपूर्ण खोटे नव्हते.
ग्रंथ त्यांना माहीत नव्हता. आता झाला.

१३ मार्च, संध्याकाळी
प्रकरण तिसरे (दुसरे नंतर). मत: डोळा फार थोडे पुरवतो, बाकीचे मन अंदाजाने भरून काढते. दोरीचा साप होतो तो असा. योगायोगाने आज प्रयोगच घडला. घरी आलो तर मेहुणा दाराआड उभा. कधी आलात विचारले, गुडघ्याची चौकशी केली. तो बोलेना. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.
"दादा परवाच त्याच्या घरी परत गेला. तो त्याचा रेनकोट आहे."
उत्तम उदाहरण. ग्रंथात घेणार. बायको हसली नाही. तिला सिद्धान्तात रस नाही.

१६ मार्च
लेकीच्या गप्प बसण्याचे कारण कळले. आठ दिवसांपूर्वी तिने कंबरेपर्यंतचे केस कानापर्यंत कापले. बाबा काय म्हणतील म्हणून दोन दिवस धास्तावलेली होती. बाबा काहीच म्हणाले नाहीत. हे बायकोने सांगितले. मी म्हटले, लक्ष पुस्तकात होते. लेकीकडे जाऊन केस छान दिसतात म्हटले. रंग कसा वाटतो, तिने विचारले. रंगही छान, म्हटले.
केस रंगवलेले नव्हते.
बायको म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला. मी बोर्डाचा दाखला दिला. तिचे म्हणणे, तो बोर्ड मलासुद्धा पाठ झालाय, तुम्ही झोपेत म्हणता.
तिच्या समाधानासाठी जाणार.

१९ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायको दाराजवळच्या खुर्चीवर बसली. समोरच्या भिंतीवर पांढरा बोर्ड होता. सगळीकडे तोच असतो, मला ठाऊक आहे. बाईंनी विचारण्याआधीच सुरुवात केली. सातव्या ओळीपर्यंत, न अडखळता. थोडी घाईच झाली.
बाई उठून भिंतीपाशी गेल्या.
"बोर्ड मी अजून फिरवलेला नाही," त्या म्हणाल्या. "ही मागची कोरी बाजू आहे."
बायकोने पर्सची चेन उघडली आणि लावली.
नंतर थेंब, दिवा, यंत्र. दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला आहे. गेले ते परत येणार नाही. कडेचे बहुधा राहील. ज्याच्याकडे बघायचे असेल त्याच्या थोडे बाजूला बघायची सवय करा, म्हणाल्या. असे मत मी कुठे वाचले नव्हते.
मालकांना फोन केला. त्यांनी उद्यापासून फ्रेम दाखवण्याच्या काउंटरवर यायला सांगितले.
ग्रंथ: एकूण पाने दीड.
जेवताना लेक समोर बसली. तिच्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघितले. बराच वेळ. तिने विचारले, भिंतीवर काय आहे?
केस खरेच आखूड आहेत.