वऱ्हाडातल्या माणसाला ऊन लागत नाही

आधी भांडण, मग आशीर्वाद. दुबईहून फोन करून आईला सांगायला तुला दुसरं कुणाचं नाव मिळालं नाही? म्हणे, "आजीच सांगते, वऱ्हाडातल्या माणसाला ऊन लागत नाही." वाळवंटात सायकलवर हापिसात जाणार तू, आणि साक्षीला मी. तुझी आई (शनिवार पेठेतली, आवाज न चढवता जिंकते) म्हणाली, मग सासूबाईंनी भर दुपारी वारज्याहून मंडईत सायकलने जाऊन यावं. धड परतल्या, तर शुभंकरने खुशाल सायकल चालवावी. नाहीतर विकावी. आणि मी हो म्हटलं.

असो. चिरंजीव शुभंकर यास आजीचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कळव. इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

अकोल्यात तुझ्या आजोबांच्या सायकलवर मी दळण आणायची हे खरं, पण दिवस उगवायच्या आत. हे पुण्यात कुणाला सांगायची गरज मला कधी वाटली नाही. तर तुझी जुनी सायकल काढली. नेसले नायलॉनचं पातळ (इस्त्री लागत नाही, आणि चारचौघांत जायचं होतं). डोकं उघडं, कारण स्कूटीवरच्या पोरी तोंडाला फडकी बांधतात त्यांना मी दरोडेखोर म्हणत आले, आता आपण कसं बांधायचं? पाणी घेतलं नाही, तुझी आई हसली असती. ऊन लागू नये म्हणून पदरात कांदा मात्र बांधला. जाताना उतार होता, त्यामुळे मला वाटलं माझ्या पायांतच जोर आहे. मंडईत पन्ह्यासाठी कैऱ्या घेतल्या (उन्हावरचं औषध आणायला उन्हात गेलेली मीच पहिली असेन). तोवर सायकल उन्हात तापत उभी. त्या काळ्या सीटवर बसले ती तशीच उठले, आणि कर्वे रस्ता बराचसा उभ्यानेच पायडल मारत काढला. मग घाम यायचा थांबला. म्हटलं, जिंकले. तेवढ्यात रस्त्याकडेची घरं एका बाजूला कलायला लागली.

उतरले, एका फाटकाला धरून उभी राहिले. आतले गोपाळकृष्ण नावाचे पेन्शनर गृहस्थ धावत आले. त्यांनी मला सावलीत बसवलं, मानेवर ओलं फडकं टाकलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, तुझ्या आईला फोन केला. एवढं सगळं झाल्यावर त्यांना कांदा दिसला. कशाला, म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"मग पदरात रिकामा तांब्याही बांधायचा होतात, आजी. तहानसुद्धा लागली नसती."

तुझी आई रिक्षाने न्यायला आली. घरी पोचल्यावर त्याच कैऱ्यांचं पन्हं करून माझ्या हातात ठेवलं. त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

तेव्हा मी हरले, सायकल विक. वऱ्हाडातल्या माणसाला ऊन लागत नाही, कारण तो दुपारी दार लावून झोपतो.

तुझी आजी,
विमलाबाई

ता. क. विकू नकोस. हरले मी, तू कशाला विकतोस? पण पहाटेच निघ, आणि ऊन उतरल्यावरच परत ये. सैल, पांढरं, सुती, पुऱ्या बाह्यांचं घाल. डोकं आणि मान झाक, दरोडेखोर दिसलास तरी चालेल. तहान लागायच्या आधी पाणी पी, सायकल सावलीत लाव. आणि घाम थांबला की जिंकलो म्हणू नकोस, उतर.

ता. क. दुसरा. तुझ्या बापाने इथल्या सायकलला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवली आहे. दुसरी किल्ली तू कुठे ठेवलीस ते कळव. पहाटे त्या उतारावर वारा चांगला असणार. उत्तर तूच लिहायचंस, हाताने, पाकिटावर माझं नाव घालून. तुझ्या आईच्या कॉम्प्युटरवर आलेलं उत्तर मी उत्तर धरणार नाही.