खालच्या कप्प्यातला हिरवा कागद

९ मार्च, सोम.

पिंकीचं छपाईचं मशीन आलं. दोन माणसांनी टेम्पोतून उतरवून ओट्यावर ठेवलं, पण पुढच्या खोलीत न्यायला दार पुरेना. शेवटी दाराची एक फळी काढली. ही खोली म्हणजे आता वकिलाचं हापिस. माझी नात वकील. लिहून बघितलं, बरं दिसतं. परत लिहिते. माझी नात वकील.

मशीन जुनं आहे, दुसऱ्या कुणाच्या हापिसातलं, पण दोन कप्प्यांचं. बसवायला रफिकभाई आला. वायर जोडली तसं ते आधी घरघरलं, मग गप्प बसलं, मग एकदम सात कागद बाहेर टाकले. नुसत्या रेघा नि ठिपके. तो चुरगाळणार तेवढ्यात मी हात धरला. "भाई, मांगून कोरा शेतस ना!"

"लो अम्मा, तुम्हारी कॉपी," म्हणाला.

तेच सात दाभणाने शिवले. त्यांच्या मागेच हे लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर भोपळ्याएवढं येतं. पानं लवकर संपतील. पण मशीन आहे म्हटल्यावर बिघडलेले कागद निघतीलच की.

१० मार्च, मंगळ.

कप्पे शिकले. वरच्यात साधा पांढरा कागद. खालचा लांब, त्यात हिरवा लेजर. कोर्टात नि दस्ताला तोच लागतो म्हणे. रिम फोडली की गठ्ठा दोन्ही हातांत धरून फडफडवायचा, म्हणजे पानं एकमेकांना सोडतात. मग कडा ठोकून सारखा करायचा, मग आत. बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकेपर्यंत सरकवायच्या. आवळायच्या नाहीत, टेकवायच्या. आत एक रेघ आहे, तिच्या वर कागद जाऊ द्यायचा नाही.

मला एका दमात जमलं. पिं.ला तीनदा सांगावं लागलं, तरी तिचा कागद तिरपाच. शेवटी म्हणाली, "आजी, आतेपासून कप्पा तुन्हाकडे. कागद तू भर, बटन मी दाबसु."

मी वरच्या कप्प्यावर लाल टिकली लावली, खालच्यावर हिरवी. म्हणजे घाईत चुकायला नको. रफिकभाई म्हणाला, एवढ्या हापिसांत मशिनी बसवल्या, टिकली लावलेली हीच.

थुंकी लावून कागद मोजला म्हणून पिं. ओरडली. साठ वर्षांची सवय. जाईल हळूहळू.

१९ मार्च, गुरु. पाडवा

गुढी उभारली नि हापिस उघडलं. ज्योतीने, म्हणजे सुनेने, श्रीखंड केलं होतं. मी मशीनला हळदकुंकू लावलं, अक्षता मात्र वाहू दिल्या नाहीत. पिं. म्हणे, एक दाणा आत गेला तर रफिकभाई परत येईल. मग अक्षता पाटीवर वाहिल्या. पाटीवर तिचं नाव, खाली वकील.

सगळ्यांना फोन केले. शेवटी कोरीटला, आप्पाला. माझा धाकटा भाऊ. त्याच्याशी बोलायला लागले की मी वाहावत जाते. मशीन, दोन कप्पे, टिकल्या, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आक्का, मंग आपला कागद बी तठेच व्हई जाऊ दे. हक्कसोडना."

"व्हई जाई की!" केवढ्या टेचात बोलले मी.

वडलांच्या माघारी कोरीटच्या शेताला आप्पाबरोबर माझंही नाव लागलेलं आहे. ते काढायचं, मग शेत एकट्या आप्पाचं, पुढे त्याच्या पोरांचं. सगळ्या बहिणी असंच लिहून देतात. माझ्या नणंदांनी दिलं, जावेने दिलं. देतात नि आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी जातात. मलाच आजवर कुणी कागद आणून दाखवला नव्हता, म्हणून राहिलं.

२४ मार्च, मंगळ.

पिं.ला आप्पाच्या कागदाचं सांगितलं. जेवताना म्हणाली, "आजी, मन्हा हापिसना पहिला कागद तुन्हा हक्कसोड नको व्हवाले."

"मी आप्पाले सबद दिधा शे."

"माले इचारं का?"

ज्योती भाजी वाढता वाढता म्हणाली, "घरनी वकील नि घरमाच भांडन. बाहेरना गिऱ्हाईक कसाले पाहिजे?" कुणी हसलं नाही.

पण रात्रीपर्यंत पिं.ने मजकूर लिहायला घेतला होता. माझा शब्द म्हणून.

दुसरंच संकट, मशीन दोन-दोन पानं एकदम ओढतंय. रफिकभाईने पान गालाला लावून बघितलं. म्हणाला नमी आहे. कूलर! उन्हाळा लागला म्हणून मीच कूलर हापिसाच्या खिडकीत लावायला सांगितला, तो थेट कागदावर वारा मारतो. कागदालाही ओल धरते, हे या वयात कळलं.

२७ मार्च, शुक्र.

आज जे केलं ते लिहू का नको. लिहिते.

ओल म्हटल्यावर वाळवायला नको? गच्चीवर वर्षाची मिरची वाळत घातलेलीच होती. तिच्या शेजारी जुनी लुगडी अंथरली नि हिरव्या कागदाचा आख्खा गठ्ठा पान पान मांडला, कोपऱ्यावर खडे. दोनदा उलथवला, पापडासारखा. दुपारपर्यंत असा कडक झाला! थोडा वाकला होता, ते मी गठ्ठ्यावर पाटा ठेवून सरळ केलं. खालच्या कप्प्यात भरला, पट्ट्या टेकवल्या. पिं.ला म्हटलं, आता दाब.

पहिलं पान आत गेलं. खर्रर्र. मग थांबलं, अर्धं आत अर्धं बाहेर. मग वास आला. पिं. शिंकली. मी शिंकले. ज्योती काय झालं म्हणून बघायला आली ती दारातच शिंकली. तिघी डोळे पुसत ओट्यावर.

"आजी," पिं. म्हणाली, "तू कागद मिरचीजोडे वाळाडा का?"

आता काय सांगणार.

२८ मार्च, शनि.

रफिकभाईने मशीनचं पोट उघडलं. रबरी रुळाला मिरचीचं बी चिकटलेलं, एक नाही, पाच. "अम्मा, मशीन को तड़का दिया क्या?" म्हणे. मी तोंडाला पदर लावला. हसू का रडू. त्यानेच समजावलं, ओला कागद वाळवायचा नसतो, दुसरी रिम फोडायची, नि उरलेली बंद ठेवायची. मग कूलर मधल्या खोलीत गेला. नवी हिरवी रिम माझ्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांखाली, कुलपात. किल्ली माझ्या पदराला. आणि खालचा कप्पा पुसून तूर्त रिकामा ठेवला.

अडकलेलं पान बाहेर आलं, पंख्यासारख्या घड्यांचं, पण पुरतं छापलेलं. गरम पाण्याचा तांब्या फिरवून मी त्याला इस्त्री केली. तोच हक्कसोडचा कागद. पिं. म्हणाली फाड. मी म्हटलं मागून कोरा आहे.

तिला बरं वाटलेलं दिसलं, कागद निघाला नाही म्हणून. नाकावर दिसतंच तिच्या.

१ एप्रिल, बुध.

हापिसचा पहिला कागद निघाला! खांडबाऱ्याची एक बाई आली होती, नवऱ्याला नोटीस पाठवायची होती. वरच्या, लाल टिकलीच्या कप्प्यातून, पांढराशुभ्र, एक पान ना वाकडं ना काळं. बाईने तो दोन्ही हातांनी घेतला. मी तिला चहा दिला. गिऱ्हाइकाला चहा नसतो द्यायचा का? पिं. म्हणे प्रत्येकाला दिलास तर मी वकील नाही, हॉटेलवाली.

आता आप्पाच्या कागदाला तिची हरकत नसावी. पहिला तर नाही ना तो.

३ एप्रिल, शुक्र.

ते इस्त्री केलेलं पान आज वाचलं. बोट ठेवून, अक्षर अक्षर. सगळी दुपार गेली.

'मी, यमुनाबाई.' छापलेलं माझं नाव मी आजवर रेशनकार्डावर नि मतदानाच्या चिठ्ठीवर बघितलं होतं, बारीक. हे ठळक. 'धंदा घरकाम.' कप्प्याचं काम धरलेलं नाही. पुढे वडलांचं नाव. त्यांचं आणि माझं नाव एका ओळीत मी पहिल्यांदा बघितलं. बोट तिथेच राहिलं थोडा वेळ.

पुढे शेताच्या चारी दिशा. पूर्वेला नाला, बरोबर. दक्षिणेला गाडरस्ता, बरोबर. मग 'झाडझाडोऱ्यासह.' हा शब्द तीनदा वाचला. त्या शेतात झाड एकच आहे. बांधावरचा निंब. मी लग्न होऊन गेले त्या वर्षापासून आप्पा दर आखाजीला त्या निंबाला माझ्यासाठी झोका बांधतो. तेव्हा तो एवढासा होता, दोर पोचायचा नाही, बैलगाडीवर चढून बांधायचा. आता गुडघे दुखतात तरी बांधतो. मी पण आता नुसती टेकते, झोके कसले.

आणि खाली 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.'

आप्पाने दडपण आणलं नाही. खरंच नाही. त्याने विचारलं नि मी हो म्हटलं. पण हो म्हणताना मी कप्प्यांचं सांगत होते. निंबाचं डोक्यात नव्हतं.

७ एप्रिल, मंगळ.

पिं.ला विचारलं, की माझं नाव तसंच राहिलं तर काय होतं?

"काही नही व्हत. राहस."

"आप्पानं काही आडस का?"

"शेत पोऱ्हेस्ना नाववर करता येत नही, तुन्ही सही लागस. इतलंच."

मग मी ते विचारलं. नाव ठेवणाऱ्या बहिणीला माहेर राहतं का? ती वकील, तिला कायदा पाठ. तरी म्हणाली, "ते मन्हा पुस्तकमां नही शे, आजी."

जावेची धाकटी बहीण आठवली. तिने सही केली नाही. भाऊ काही वाकडं बोलले नाहीत तिला. नुसतं बोलावणं यायचं थांबलं. आखाजीला ती दारात उभी राहून दुसऱ्यांच्या लेकी जाताना बघते. आणि माझ्या नणंदांनी सही दिली, त्यांना मात्र साडी, सांजोऱ्या...

पिं. उठताना म्हणाली, "तुले देवानं व्हई तर दे, नही व्हई तर नको दे. मजकूर तयार शे. खालना कप्पा तू भरशी तवयच मी बटन दाबसु. तवलोंग नही."

वकील झाली खरी.

११ एप्रिल, शनि.

आप्पाचा फोन. "आक्का, दोर नवा आना या साले. जुना कुजी गया व्हता. इकास येई तुले लेवाले." विकास म्हणजे त्याचा मोठा मुलगा. भावजयीने मागून ओरडून सांगितलं, सांजोऱ्या खोबऱ्याच्या करते आहे, तुम्हाला रव्याच्या आवडत नाहीत. पन्नास वर्षांत विसरली नाही.

मग आप्पा म्हणाला, "कागद संगेच ली ये हां."

मी म्हटलं ऐकू येत नाही. फोन ठेवला. ऐकू येत होतं.

१७ एप्रिल, शुक्र.

ही शेवटची कोरी बाजू. ते पंख्यासारखं पान. पुढून माझं नाव, मागून मी.

उद्या सकाळी विकास गाडी घेऊन येतो. पिशवी भरली. भावजयीला बांगड्या, आप्पाला गुडघ्याचं तेल, दोन किलो मिरचीपूड, कागदाशेजारी वाळलेली तीच.

संध्याकाळी पिं.ने मशीन चालू केलं, दुसऱ्या कुणाचं काम होतं. वरून पांढरे कागद निघाले. खालच्या कप्प्यासमोर पिवळा दिवा लुकलुकत होता. कप्पा रिकामा असला की लुकलुकतो. पेटीची किल्ली माझ्या पदराला. मी गाठ सोडली, परत बांधली.

पिं. म्हणाली, "भरस का, आजी?"

"आते नही."

"मंग उद्या आप्पा आजाले काय सांगशी?"

"सांगसु, मशीनमां हिरवा कागद नही शे."

ती हसली. खोटं नाहीच ते.

मी आधी जाऊन येणार आहे. कागद न घेता. नव्या दोराला आप्पा गाठ मारत असेल तेव्हा त्याला सांगीन, कागद आणला नाही रे. आणि त्याच्या हातांकडे बघीन, थांबतात का. मग आल्यावर पेटी उघडायची का नाही ते मला कळेल. का तिथे बसल्या बसल्या निंबाखाली मीच विरघळून... काय माहीत. आप्पा लहानपणी पडला की माझ्याच पदरात तोंड खुपसायचा.

पिं. मशीन बंद करायला उठली. म्हटलं राहू दे जरा.

दिवा लुकलुकतो आहे. हिरव्या टिकलीच्या बरोबर वर.