आप्पासाहेबांच्या हस्तिदंती बायका

४ मे, सोमवार

आले बाई एकदाची! लासूर स्टेशनच्या कारकुनीतून सुटले. हर्सूलचा आप्पासाहेबांचा बंगला ऐसपैस आहे, आणि धाकट्या बहिणीला, मोनिकालाही संगं राहू देतो म्हणाले. आईबाबांच्या मागं तिला मीच आहे. तिला सोडून ही नोकरी घेतलीच नसती.

काम एवढंच, त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या जुन्या चिनी मूर्तींची यादी करायची, फोटो काढायचे. हस्तिदंत विकता येत नाही, म्हणून संग्रहालयाला देणार आहेत. वीतभर लांबीच्या अकरा मूर्ती, सगळ्या आडव्या पहुडलेल्या उघड्या बायका. मी तर लाजलेच! आप्पासाहेब हसून म्हणाले की वडील निजामाच्या काळात हैदराबादेत डॉक्टर होते. पडद्यातली बाई अंग दाखवायची नाही, नुसता हात बाहेर काढून मूर्तीवर बोट ठेवायची, इथं दुखतंय म्हणून. पहिली मूर्ती एका चिनी व्यापाऱ्याकडून घेतली, मग वडिलांना नादच लागला.

५ मे

स्वयंपाकाच्या आवडाबाई अजून गुडघा धरला की तिसऱ्या मूर्तीच्या गुडघ्याला बोट लावतात. आप्पासाहेब छातीत दुखलं की सातवीच्या छातीवर. मोनिकाचा घसा बसलाय, तिनंही खिदळत नवव्या मूर्तीच्या गळ्याला बोट टेकवलं. म्हटलं, गोळी घे गं, येडे.

मूर्तींच्या कपाटात फळीफळीवर पाण्याच्या वाट्या. शी! गेल्या साली मोनिका डेंग्यूनं मरता मरता वाचली, आणि हे लोक घरात डास पाळतात. सगळ्या ओतून पालथ्या घातल्या. आवडाबाई कुरकुरल्या, साहेबांचा हुकूम आहे म्हणाल्या. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येईना. मग मी कशाला ऐकते!

७ मे

बेचाळीस डिग्री. फोटोसाठी दोन मोठे दिवे दिवसभर चालू. तिसऱ्या मूर्तीच्या गुडघ्यावर केसाएवढी चीर दिसली, तशी यादीत लिहिली.

तेवढ्यात आवडाबाई पोळ्या लाटता लाटता किंचाळल्या. गुडघा उभा फाटला होता. आतलं पांढरं हाड मी डोळ्यांनी पाहिलं. ओट्याखाली रक्ताचं थारोळं. दवाखान्यात डॉक्टरांनी मलाच विचारलं, कोयता कुणी मारला?

८ मे

सकाळी आप्पासाहेबांनी कपाट उघडलं. वाट्या कुठायत विचारलं. मी सांगितलं. म्हातारा ओरडला, की हवा कोरडी झाली की हस्तिदंत तडकतो, म्हणून तर पाणी, तुला एवढं साधं— पुढं बोललेच नाहीत. सदरा मधोमध लाल झाला. फासळ्या मोडत गेल्या, एकेक, कडाकडा. मी दोन्ही हातांनी छाती मिटवत होते. मिटेना. बोटं आत गेली—

गेले. सातवी मूर्ती गळ्यापासून बेंबीपर्यंत दुभंगलीय.

९ मे

पोलीस येऊन गेले. कुठं जायचं नाही म्हणाले.

वाट्या भरल्या. दिवे फोडले. पण नवव्या मूर्तीच्या गळ्यावर चीर आहे. मोनिकाच्या गळ्यावर तेवढीच लाल रेघ. मी केलं हे. माझ्याच हातानं. देवा, ती एकोणीस वर्षांची आहे!

मूर्तीला ओलं फडकं गुंडाळलं, तर चीर आणखी लांबली. आता हात लावायची छाती होत नाही—

१० मे, सकाळ

आवडाबाईंना फोन केला. रडत म्हणाल्या, साहेबांच्या आई, थोरल्या बाईसाहेब सांगायच्या, शेवटचं बोट जिचं, तिची ती मूर्ती. आधीची सुटली. मग घाबरून म्हणाल्या, तू काय बी करू नको पोरी, तुझ्यापुढं हात जोडते.

अकरा वाजता

मोनूचा गळा उघडतोय. श्वास घेतला की रक्ताचे बुडबुडे. दोन टॉवेल भिजले. दवाखान्याची गाडी निघालीय म्हणतात. कधीची निघालीय—

बोट ठेवलं. नवव्या मूर्तीच्या गळ्यावर. मोठ्यानं म्हटलं, इथं दुखतंय, मला.

थांबलं! मोनूचं रक्त थांबलं. नुसता ओरखडा उरलाय. मला बिलगून रडतेय. गुणाची माझी बाय ती.

मूर्तीवरची चीर मात्र चाललीय. माझ्या रक्तानं वही ओली झाली, अक्षर दिसेना—

मोनू, बाहेर जा. माझ्याकडं बघू नको, दार लाव, बघू न—