निवेदनातून गाळलेला रेडिओ

सिंदेवाही, गुरुवार, नोव्हेंबर १९८५

हे शारदे, तुझ्या सेवकाची धानाची बातमी आज साप्ताहिकात मूळव्याधीच्या मलमाच्या जाहिरातीखाली छापली गेली! असो. मलम तरी लोक वाचतात.

खरा घोळ शेजारच्या चौकटीत आहे. भांडणात आमच्या गल्लीतल्या सखूबाईंनी रेडिओ आपटला आणि नवरा घर सोडून गेला. त्याच्यासाठीचं निवेदन मीच लिहून धाडलं होतं: ‘सत्वर उपस्थित व्हावे.’ संध्याकाळी त्यांना वाचून दाखवलं.

“भाऊ, हे त कोर्टाचं बोलावणं झालं! मी काय सांगितलं होतं? घरी या, तुमचा रेडिओ सुधरवून आणला. रेडिओ कुठी गेला?”

रेडिओ मीच गाळला. छापील निवेदनात शोभेना म्हणून? कोणाला शोभेना? पुढच्या अंकात घालू, पण तोवर? आजचं वाचून तो आणखी लांब निघून जाईल, याची मला भीती वाटते.