चौथं रिव्हॉल्व्हर

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार

परेराबाईंकडे जाऊन आलो. ठाकूरद्वारच्या मागे, दोन खोल्या. नवरा बोटीवर इंजिनियर होता, गेल्या वर्षी वारला. बाई २० जानेवारीच्या बोटीने मुलीकडे आफ्रिकेला. नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर बरोबर नेता येत नाही. जायच्या आत कुणा परवानेवाल्याला द्यायचं, नाहीतर पो. ठाण्यावर जमा. जमा म्हणजे पुढेमागे मोडीतच.

जाधवांना बरोबर नेलं. माझी तिन्ही रिव्हॉल्व्हरं गेली अकरा वर्षं तेच उघडतात, पुसतात, जोडतात. पलटणीत हत्यारांची दुरुस्ती करायचे, हवालदार होऊन सुटले, आता परळच्या गिरणीत फिटर. त्यांनी पाहिल्याशिवाय मी काही घेत नाही.

बेल्जियमचं. पाच गोळ्यांचं. चाप दुमडून पोटाशी बसतो, घोडा आतल्या आत. मुठीला शिंपला, एका बाजूचा थोडा उडालाय. बाईंनी स्वयंपाकघरातल्या तराजूत घालून दाखवलं. पौंडालाही दोन औंस कमी! माझं उजवं मनगट लहानपणी मोडलेलं, जड हत्यार पेलत नाही, म्हणून मामांकडून आली तीही मी हलकी तेवढीच ठेवली. पण इतकं हलकं एकही नाही.

जाधवांनी चक्र काढलं, नळीतून खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "घ्या. आतली एक स्प्रिंग गेलीय. बाकी नवं आहे."

बाई हसल्या. "दोघं आलाव. घेनार कोन?"

मी म्हटलं, मी.

१८ नोव्हें., मंगळ

ऑफिसात लक्ष नाही. धक्क्याचा नकाशा काढताना समासात शिंपल्याची मूठ काढून बसलो. खोडरबर.

आक्काला सांगितलं. (सांगावं लागतंच, कपाट तिच्या खोलीत.) म्हणाली, "तीन आहेत त्यांचं काय करतोस, ते आधी सांग." काय करतो? रविवारी काढतो, पाहतो, ठेवतो. "मग चौथ्याचं?" तेच. ती तांदूळ निवडत राहिली.

परवान्यावर तिन्हींचीच नोंद. चौथं चढवायला अर्ज लागेल. हवंच आहे मला ते. उगाच स्वतःशी खोटं कशाला.

२३ नोव्हें., रवि

नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राची सभा. म्हणून जाधव उशिरा आले. गर्दीतून वाट काढत नव्हे, गर्दीबरोबरच. घसा बसलेला.

खिशातून कागदाची पुडी काढली. आत स्प्रिंग. परेराबाईंच्या रिव्हॉल्व्हरची. गिरणीत जेवणाच्या सुटीत घडवली. न मोजता, नुसती नजरेवर.

"अजून माझं ठरलं नाही हो."

"माहीत आहे. हात गप बसला नाही."

स्प्रिंग टेबलावर ठेवली आणि माझी तिन्ही पुसायला घेतली. आज बोलणं कमी. मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो. अकरा वर्षांत प्रथमच वाटलं की विचारावं. विचारलं: तुम्ही स्वतः कधी अर्ज केला होता का?

"एकदा. पलटणीतून सुटल्यावर. उत्तर आलं नाही."

"पुन्हा नाही केला?"

"लढाईत हजारभर तरी दुरुस्त केली असतील. सगळी दुसऱ्यांची." मग तेलाची बाटली बंद करताना म्हणाले, "सवय झाली."

आक्का चहा घेऊन आली. पूर्वी जाधवांचा कप खिडकीत वेगळा असायचा. तो प्रकार कधी बंद पडला आठवेना. ते गेल्यावर आक्काला विचारलं. म्हणाली, "तो कप फुटला."

२६ नोव्हें., बुध

बाईंचा "घेनार कोन" डोक्यात. त्या मला विचारत नव्हत्या. जाधवांच्या हाताकडे पाहत होत्या.

आणि मी चटकन 'मी' म्हटलं.

३० नोव्हें., रवि

जाधवांपुढे विषय काढला. तुम्ही घ्या म्हटलं. हसले. मी अर्जाचा कोरा कागद आणलाच होता. भरायला बसलो. नाव, वय, राहणार, नोकरी. एक रकाना: पूर्वी अटक झाली आहे काय?

"छप्पन सालात नऊ दिवस आत होतो. सत्याग्रहात."

मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत ते आले नव्हते एवढं आठवतं. गावी गेले असतील असं धरून चाललो होतो. मी तेव्हा पो. ठाण्याच्या हुकुमाप्रमाणे तिन्ही जमा करून, खिडक्या लावून घरात. पावसाळ्यानंतर परत मिळाली ती गंजलेली. जाधवांनी चार रविवार घासून गंज काढला. कुठून आलो, एका शब्दाने बोलले नाहीत.

मी म्हटलं, हे लिहायलाच हवं का?

"मग काय लिहू? घरी आजारी होतो?"

लिहिलं तर अर्ज फेटाळणार, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून मी तोड सुचवली. माझ्या नावावर घेऊ. ठेवू इथंच. तुम्ही केव्हाही या, हाताळा, आपलंच समजा.

जाधवांनी कागदाची घडी घातली. "वसंतराव, अकरा वर्षं तेच करतोय की."

आवाज चढला नाही. नेहमीसारखे जिन्यापर्यंत जाऊन वळले, नमस्कार केला.

३ डिसेंबर, बुध

मी वाईट बोललो नव्हतो. चांगल्या मनानेच

जाऊ दे.

७ डिसें., रवि

जाधव आले नाहीत. काल सहा तारीख, दादरच्या चौपाटीवर जायचा त्यांचा दिवस, दमले असतील. असं मी म्हणतोय. गेल्या वर्षी लगेचच्या रविवारी आले होते.

तिन्ही काढली. एकटाच. एकाचं चक्र माझ्याने नीट बसेना. तसंच फडक्यात गुंडाळून ठेवलं.

१० डिसें., बुध

परळला गेलो. जाधवांच्या घरी प्रथमच. पत्ता होता, परवान्याच्या कागदात दुरुस्ती करणारा म्हणून मीच लिहिलेला. चाळीत विचारलं तर चौघं दाखवायला आले.

एक खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चिरमुऱ्यांचा डबा, कोपऱ्यात शिवणयंत्र. जाधव कामावरून यायचे होते. त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी सतरंजी टाकली. म्हणाल्या, "तुम्हीच काय ते फणसवाडीचे? रविवारचे?"

मी हो म्हटलं. जाधव घरी माझ्याबद्दल काय बोलतात कोण जाणे. विचारायची छाती झाली नाही.

त्यांनीच विषय काढला. "त्यांना ते पाहिजे. बोलणार नाहीत. मला विचाराल तर मला नको घरात. पोरी आहेत. पण पाहिजे म्हणून एवढ्या वर्षांत हे एकच म्हणाले."

जाधव आले. मला पाहून दारातच थांबले. मी म्हटलं, अर्ज भरा. नऊ दिवस लिहा. जामीन म्हणून माझी सही.

"तुमच्या परवान्याचीही चौकशी निघेल."

"निघू दे."

"नोकरी सरकारी आहे."

हे मी येताना बसमध्ये धरलं होतं. तरी ऐकल्यावर काढलेलं पेन परत खिशाला लावलं. जाधवांना दिसलं असावं. म्हणाले, "घाईनं सही करू नका. आठ दिवस घ्या."

सुभद्राबाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, म्हणजे आता दोघांना झोप नाही."

१७ डिसें., बुध

आठ दिवस नाही, सात घेतले. खरं सांगायचं तर दोन दिवस 'नाही' असंच ठरलं होतं. पेन्शनला चार वर्षं राहिली. आणि तिन्ही गेली तर? मामांची आठवण म्हणून एवढंच उरलंय.

आक्काला विचारलं. "मला काय विचारतोस," म्हणाली. मग जरा वेळाने, "जाधव येत नाहीत तर रविवार खायला उठतो मेला."

सही केली. सोबत पत्र जोडलं. अकरा वर्षं ओळखतो, सचोटीचे गृहस्थ, वगैरे. 'अटक' च्या रकान्यात जाधवांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: होय, संयुक्त महाराष्ट्रासाठी, नऊ दिवस. 'साठी' वर मी अडखळलो. नुसतं 'होय' पुरलं असतं. कागद पाकिटात घातला.

२ जानेवारी १९५९, शुक्र

इन्स्पेक्टर घरी. तरुण, सभ्य. पेटी उघडून तिन्ही पाहिली, नंबर ताडून घेतले.

"ह्या माणसासाठी तुम्ही सही का केलीत?"

म्हटलं, हत्यार कसं सांभाळावं हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

"तो मोर्चेवाला आहे."

"आहे."

"तुम्ही?"

मी म्हटलं, मी गेलो नाही कधी. हे खरं आहे. त्यांनी लिहून घेतलं.

४ जाने., रवि

जाधव आले. न बसणारं चक्र दोन मिनिटांत बसवलं. "जबरदस्ती केलीत होय ह्याच्यावर?" एवढंच.

मग दोघं परेराबाईंकडे. अर्जाचं उत्तर त्यांच्या बोटीआधी येईलसं दिसत नाही. बाई म्हणाल्या, फोर्टातल्या हत्यारांच्या दुकानात रीतसर ठेवून जाईन, कागदावर नाव जाधवांचं घालीन, मंजूर झालं तर त्यांनी न्यावं. नाही झालं तर सरकारचं नशीब. जाधवांनी तिथंच बसून नवी स्प्रिंग आत घातली. चाप उघडला, मिटला. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "असाच आवाज व्हायचा."

१० जाने., शनि

दोघांनाही कागद. सोमवारी अकराला हजर व्हावं. मला: तिन्ही हत्यारांसह.

१२ जाने., सोम

गेलो. रजा टाकून. जाधव कोट घालून आले होते, छातीवर पलटणीची पदकं. चार. मी पिशवी त्यांच्याकडे द्यायला लागलो तर हात मागे घेतला. "परवाना तुमचा. तुम्हीच धरा."

दीड वाजेपर्यंत बाकावर. मग आत. जाधवांना वेगळं विचारलं, मला वेगळं. पदकांबद्दल कुणी काही विचारलं नाही म्हणे. माझी तिन्ही ठेवून घेतली. चौकशी पूर्ण होईतो. पावती दिली. जाधवांच्या अर्जाचं काय? "कळवू." किती दिवसांत? "कळवू."

बाहेर उसाचा रस प्यालो. रिकामी पिशवी घडी करून खिशात. वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं, किंवा अजून कळलं नसेल.

गिरगावपर्यंत चालत आलो. जाधवांना तिथून परळची बस. म्हणाले, "रविवारी येतो."

मी म्हटलं, कशाला आता? पुसायला काही नाही घरात.

"तरी येतो."