चार जीबी पुरेल

नगर,
रविवार, ता. ११ जानेवारी २०२६

चि. अवधूत यास,
नानांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. थंडीने तुझ्या आईचा गुडघा धरतो, पण ती कबूल करत नाही. बुधवारी संक्रांत. तिळाच्या वड्या थापून झाल्यावर तिला आठवलं की येरवड्याला घरचं खाणं आत घेत नाहीत. तिने डबा झाकून फडताळात ठेवला आणि मलाही एक वडी दिली नाही. मी काय गुन्हा केला होता कोण जाणे.

तुझ्या फोनची मिनिटं तीच घेते. जेवलास का, पांघरूण पुरतं का, यातच ती संपतात, म्हणून कामाचं पत्रातून लिहितो. पत्रं तिथल्या कचेरीत आधी वाचतात म्हणे. वाचोत. मी जन्मभर पोरांचे गणिताचे पेपर वाचले, वाचणाऱ्याचे हाल मला ठाऊक आहेत. अक्षर तरी नीट काढतो.

काम असं आहे. पतसंस्थेच्या सर्व्हरची नक्कल कोर्टामार्फत आपल्या वकिलांना मिळाली. त्यातली एक प्रत त्यांनी मला दिली, तळहाताएवढी डिस्क आहे. ते म्हणाले, ही नुसती उघडून फारसं कळणार नाही. सर्व्हर जसा चालत होता तसा पाहायचा तर तो दुसऱ्या संगणकाच्या पोटात चालवावा लागतो, व्हर्च्युअल मशीन करून. तुला मी काय समजावणार, तो सर्व्हर तूच बसवलास. ज्या खोट्या कर्जखात्यांपायी तू आत आहेस, ती तुझ्या नावाने कोणी आणि कुठल्या टेबलावरून उघडली, ते त्यात दिसेल.

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल कधी येईल ते कोणी सांगत नाही. तोवर तू आत बसायचं आणि आम्ही कॅलेंडरची पानं उलटायची, हे मला पटत नाही. मॅनेजरने तुझा पासवर्ड वापरला असं तू सांगतोस. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहून वकिलांपुढे ठेवणार आहे.

तुझा संगणक पोलिसांनी नेला, तेव्हा नवा जोडावा लागेल. प्रोसेसर कोणता, बोर्ड कोणता, मेमरी किती, सगळं मॉडेलसकट लिही. मला यातलं काही कळत नाही. दुकानदाराने काहीही गळ्यात मारावं आणि मी मान डोलवावी अशी अवस्था आहे.

तुझ्यावर आम्हा दोघांचा विश्वास आहे.

नाना


नगर,
रविवार, ता. २५ जानेवारी २०२६

चि. अवधूत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बिघडलंय तुझं. टेकायला काही नसेल तर सांग, पुठ्ठा पाठवता येतो का विचारतो.

तू लिहिलेले भाग नीट वाचले. जुना वापरलेला प्रोसेसर, त्याच्याच वयाचा बोर्ड. आणि खाली, "चार जीबी पुरेल, नाना. हेच मॉडेल घ्या, दुसरं घेऊ नका." त्याखाली रेघ. मेमरीचे भाव दिवाळीपासून कुठच्या कुठे गेल्याचं मी पेपरात वाचलं होतं. पोरगं तुरुंगात बसून बापाचं पेन्शन जपतंय असं मनात आलं आणि मला भरून आलं. आईला वाचून दाखवताना त्या ओळीवर मला थांबावं लागलं. ती म्हणाली, "तो लहानपणापासून असाच. चार मागायचे तिथे दोन मागायचा." मग तिने पदराने डोळे पुसले आणि मी चष्मा.

सावेडीत तुझ्या अजिनाथच्या संगणकाच्या दुकानावर जाऊन आलो, पण तो पारनेरला गावी गेला होता. पुढच्या आठवड्यात जाईन. तुझ्या आईने तुझं टेबल रिकामं करून पुसून ठेवलंय. खिडकीतली धूळ येऊ नये म्हणून पडदाही शिवला. मी म्हटलं, अगं, संगणक येतोय, सून नाही. तर चिडली.

मालनबाई पोळ्यांना येतात अजून. तू त्यांना पतसंस्थेत पैसे ठेवायला सांगितलंस म्हणून त्यांनी पत्रा काढून स्लॅब टाकण्यासाठी जमवलेलं सगळं तिथे ठेवलं, हे तुला आठवत असेल. पण तोंडातून वावगा शब्द काढत नाहीत. काल कणीक मळता मळता म्हणाल्या, "काका, दादाचा काम्पुटर कदी यायचा? त्यात दिसंल ना कोनी खाल्लं ते?" मी म्हटलं, दिसेल, नक्की दिसेल. त्या म्हणाल्या, "मंग आवधूतदादा सुटंल. मला आदी त्ये पायजे, पैशाचं मागून बगू."

तब्येतीला जप. तुझ्यावर आम्हा दोघांचा विश्वास आहे.

नाना


नगर,
रविवार, ता. ८ फेब्रुवारी २०२६

चि. अवधूत,

आईचा गुडघा बरा आहे. थंडी ओसरली. संगणक तयार झाला.

कसा तयार झाला ते सांगतो. मंगळवारी अजिनाथकडे गेलो. तुझं पत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"सर, हे कुनी लिव्हलं?"

"अवधूतने."

"न्हाई हो. ह्या प्रोसेसरमदी ती सोयच न्हाई. एका काम्पुटरात दुसरा चालवायचा तर प्रोसेसरला ते जमाया लागतं. ह्यो लई जुना. अन् ह्या बोर्डाला चार जीबीच्या वर मेमरी बसतच न्हाई. एवढ्यात तुमचा सर्व्हर डोळंसुदिक उघडायचा न्हाई."

मी म्हटलं, विसरला असेल. तिथे डोकं ठिकाणावर कसं राहणार.

"इसरंल कसा? पतसंस्थेचा सर्व्हर आमी दोगांनी हितंच, ह्याच टेबलावर जोडलाय. मी बत्तीस म्हनत हुतो. त्यो म्हनला, चौसष्ट टाक, मेमरीत चिक्कूपना केला की मशीन रडतंय. भांडला हुता माझ्याशी." एवढं बोलून त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग चहा मागवला. तू त्याचा मित्र आहेस, त्यालाही ते कळायला नको होतं.

चहा मी घेतला की नाही आठवत नाही. प्रोफेसर कॉलनीच्या चौकापर्यंत चालत आलो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. पोरांच्या चुका तपासण्यात माझं आयुष्य गेलं. ज्याला येत नाही त्याची चूक वेगळी असते. ती वाकडीतिकडी, कुठेही होते. ज्याला येतं आणि चुकवायचंच असतं, त्याची प्रत्येक पायरी बरोबर एकाच बाजूला चुकते. तुझा प्रोसेसर चुकला, बोर्ड चुकला, मेमरी चुकली. आणि खाली रेघ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि अजिनाथला म्हटलं, जे लागतं ते घाल. त्याने नवा प्रोसेसर घातला, चौसष्टची मेमरी कुठूनशी मिळवून बसवली, घरी येऊन सगळं जोडून दिलं. एक रिकामं व्हर्च्युअल मशीन चालवूनही दाखवलं. पडद्यात आणखी एक पडदा उघडला. आई टाळ्या वाजवायची बाकी होती. तिने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. मालनबाईंनी नारळ आणला होता, तो त्यांनीच उंबऱ्यापाशी फोडला आणि खोबरं वाटलं. मलाही दिलं. ते तोंडात घेऊन मी तसाच उभा राहिलो.

डिस्क मी जोडलेली नाही. ती माझ्या खणात आहे. आई रोज विचारते, जोडा ना आता. मी सांगतो, एक भाग यायचा आहे.

अवधूत, सरकारी अहवाल आज ना उद्या येणार. तिथे मेमरीची कमी नाही. हे तुला माझ्याहून चांगलं कळतं. म्हणजे तू कोर्टाला अडवत नव्हतास. मला अडवत होतास. मी ते बघू नये, किंवा निदान तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलावर बसून बघू नये, एवढंच तुला हवं होतं. हे समजल्यावर तुझी कणव यायला हवी होती, आणि आलीही. पण त्याआधी राग आला. मालनबाईंच्या स्लॅबसाठी यायला हवा होता. मला आला त्या रेघेसाठी. ती वाचून मी आणि तुझी आई रडलो होतो, आणि तू ती मला फसवायला मारली होतीस. लाज वाटते सांगायला, पण मालनबाई मला नंतर आठवल्या.

पतसंस्थेत काय केलंस, कोणाच्या सांगण्यावरून केलंस, मी पत्रात विचारत नाही. कचेरीत हे वाचणारे जे कोणी असतील, त्यांनीही माझ्याकडून फक्त संगणकाच्या भागांबद्दल वाचलेलं बरं.

येत्या शनिवारी मी मुलाखतीला येतोय. आईला आणत नाही. काचेपलीकडे तू फोन उचललास की मी एकच प्रश्न विचारीन, मेमरी किती लागते? खरा आकडा सांगितलास तर डिस्क न जोडता वकिलांना परत करीन. मग जे असेल ते तू स्वतः वकिलांना आणि कोर्टाला सांगायचं. त्या दिवशी मी तुझ्या मागच्या बाकावर बसलेला असेन. मालनबाईंना मी सांगीन, ते तुझ्यावर टाकत नाही. आईलाही मीच सांगीन, कसं ते अजून ठरत नाही.

आणि पुन्हा चार म्हणालास, तर घरी येऊन डिस्क जोडीन. तेव्हा आई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसेल. तिला उठवायची ताकद माझ्यात नाही.

वड्यांचा डबा तिने अजून उघडलेला नाही. आता स्वयंपाकघरातून विचारते आहे, "शेवटी विश्वासाचं लिहिलंत ना?" म्हणून लिहितो.

तुझ्यावर आईचा विश्वास आहे.

नाना