‘लेट’ या शब्दाचा दुसरा अर्थ

बाई, तुम्हाला मराठीत पत्र लिहितेय हे पाहून तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "का, इंग्रजी संपलं वाटतं?" संपलेलं नाही. त्याच्यावरच माझं पोट चालतं. वाघोलीच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, आणि आता माझेही केस तुमच्यासारखे कानाजवळून पांढरे झालेत. परवा वर्गात एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील मागच्या वर्षी गेले. कसलासा फॉर्म भरताना खिडकीतल्या माणसाने तिला वडिलांच्या नावाआधी ‘लेट’ लिहायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मॅम, माझे पप्पा लाइफमध्ये कधी कुठे लेट गेले नाहीत. मग त्यांच्या नावाआधी हे का लिहायचं?" वर्गात कुणी हसलं नाही. एवढी वर्षं शिकवलेली मी, "उद्या सांगते," म्हणाले आणि हजेरीचं पान उघडून उगाच बघत बसले.

घरी येऊन तुम्ही दिलेला जाड शब्दकोश काढला. तुम्ही म्हणायचात, "शब्द भेटला की आधी विचारावं, बाबा रे, तुझं गाव कुठलं?" म्हणून या शब्दाचं गाव शोधलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता मंद, रेंगाळणारा. त्याचा लॅटिनमधला एक लांबचा भाऊ आहे, त्याचा अर्थ दमलेला. एल-ई-टी ‘लेट’ म्हणजे होऊ देणं, सोडून देणं, तो शब्दही त्याच घराण्यातला. आणि ‘लास्ट’, शेवटचा, हा तर सख्खाच. म्हणजे कुणीतरी चालता चालता दमलं, हळू झालं, मागे राहिलं, आणि बाकीच्यांनी त्याला तिथे सोडलं, असा सगळा प्रवास त्या एवढ्याशा शब्दात आहे. मेलेल्या माणसासाठी तो कधी वापरायला लागले तेही कोशात दिलंय. मी ते वाचलं नाही. मला तुमचा खडकी बाजारातला जिना आठवायला लागला होता.

मी आठवीत आहे. माझं स्पेलिंग भयंकर आहे, म्हणून शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी बोलावता. कापडाच्या दुकानावरच्या तुमच्या दोन खोल्या, लाकडी जिना, वर जाळीचं दार. दुपारच्या चहाचे तुम्ही दोन कप भरता. एक तुमचा, दुसऱ्यावर बशी उपडी. खालची दुकानदारीण, गॅसवाला, शाळेतल्या नव्या शिक्षिका, कुणीही "मिस्टर कुठे असतात?" विचारलं की तुमचं उत्तर एकच, "आमचे हे लेट आहेत." ऐकणारा आपल्याला हवा तो अर्थ घ्यायचा. काही जणी मान खाली घालायच्या, काही जणी घड्याळाकडे बघायच्या. मी घड्याळाकडे बघणाऱ्यांतली. आमचे वडील फॅक्टरीत पाळीवर. पुरुषमाणूस घरी लेट येतो यात मला नवल ते काय? तुमचे यजमान एका रविवारी दुपारी चारला "आलोच" म्हणून लिंबं आणायला जिना उतरले आणि आलेच नाहीत, ना माणूस ना काही खूण, ना नदीत ना दवाखान्यात, हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तुमचे दीर आले होते तो दिवसही मला आठवतो. मी आतल्या खोलीत दहा शब्द दहा-दहा वेळा लिहीत होते. ते म्हणाले, "वहिनी, सात वर्षं होऊन गेली. आता माणूस गेला असं कोर्टसुद्धा मान्य करतं. सही करा, म्हणजे सगळ्यांनाच मोकळं होता येईल." तुम्ही कागद वाचलात. "इथे ह्यांच्या नावाआधी ‘लेट’ टाइप केलंय. कुठल्या अर्थाने?"

"वहिनी, इंग्रजीच्या शिक्षिका तुम्ही."

"म्हणूनच विचारतेय. दोन अर्थ असले की मी मुलांना वाक्यात उपयोग करायला लावते. करा तुम्ही."

ते कागद पेपरवेटखाली ठेवून गेले. मला वाटलं, कामावर उशिरा गेल्याबद्दलचा मेमो असणार. आमच्या वडिलांना एकदा आला होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ते घडलं. मार्च महिना होता, दुपारची वेळ. तुम्ही रजिस्टर पत्र टाकायला पोस्टात निघालात. "दहा मिनिटांत येते. तोवर रिसीव्ह शब्दातले आय आणि ई आपापल्या जागी बसवून ठेव." मी लिहीत होते. त्या जिन्यावर मांजर चढलं तरी आवाज व्हायचा, पण तेव्हा काही ऐकू आलं नाही. मान वर केली तर जाळीच्या दारापलीकडे एक गृहस्थ उभे होते. अंगात घरचा सदरा-लेंगा, हातात रिकामी कापडी पिशवी. चेहरा थकलेला नव्हता, उलट बराच वेळ झोपून उठलेल्या माणसासारखा होता. त्यांनी जाळीतून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "म्हणजे फार उशीर नाही झाला," ते स्वतःशीच म्हणाले. आम्ही दोन-चार वाक्यं बोललो. मग ते वळले. जिन्याचा आवाज आताही आला नाही.

तुम्ही लगेच वर आलात. मी म्हटलं, "बाई, एक जण येऊन गेले." तुम्ही म्हणालात, "कोण येणार? मी खालच्या पायरीशी दुकानदारीणबाईंशी केव्हाची बोलत उभी आहे. जिन्यावरून कुणी उतरलं नाही." मग मी त्यांचं वर्णन केलं. सदरा, लेंगा, पिशवी. तुम्ही हातातली पोस्टाची पावती घडी करत होतात, घडीवर घडी, करत राहिलात. मग अगदी हळू विचारलंत, "पायात काय होतं?"

"स्लिपर. निळ्या पट्ट्यांच्या. बायकांच्या असाव्यात, बाई. त्यांच्या टाचा मागे बाहेर येत होत्या. पण नव्या होत्या अगदी."

तुम्ही खुर्चीत बसलात. तुमचे यजमान त्या रविवारी घाईत तुमच्याच नव्या निळ्या स्लिपर घालून उतरले होते. हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं, दिरांना नाही, कुणालाच नाही. बायकोच्या स्लिपर घालून गेलेल्या माणसाला लोक हसतील म्हणून. हेही मला नंतर कळलं. त्या वेळी तुम्ही एवढंच विचारलंत, "थांबतो म्हणाले नाहीत?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही उठून कपावरची बशी बाजूला केलीत आणि त्यांचा गार झालेला चहा उभ्या उभ्या पिऊन टाकलात.

पुढच्या सोमवारी पेपरवेटखाली कागद नव्हता. आणि त्याच दिवशी वर्गात तुम्ही फळ्यावर तो शब्द लिहिलात. पहिला अर्थ, उशिरा आलेला. दुसरा अर्थ, दिवंगत. त्याखाली तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात उदाहरण: ‘माय लेट हसबंड वॉज फाँड ऑफ लेमन शरबत.’ मुलींनी ते वहीत उतरवलं. माझ्या हातातलं पेन चालेना. आपण कुणाशी बोललो हे तर कळलंच, पण त्याहून वाईट असं काहीतरी मला त्या क्षणी कळलं, ते मी पुढे सांगते. मधल्या सुट्टीत मी घरी पळाले आणि दोन दिवस तापाने पडून होते. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "भूत असतं तर दारात उभं राहून टाइम बघत बसलं नसतं. स्लिपरचोर असेल." त्यांचंही बरोबर असेल. कोण होते ते, मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मात्र त्यानंतर तुम्ही एकच कप भरायला लागलात. लोकांना सरळ "वारले" म्हणून सांगायला लागलात. लोक म्हणाले, बाई सावरल्या. मला मात्र दिसायचं की तुम्ही आता दाराकडे पाठ करून बसता.

शेवटची भेट येरवड्याला, तुमच्या भाचीच्या घरी. मी नोकरीला लागले होते, पेढे घेऊन आले होते. तुम्ही पलंगावर, हात काडीसारखे. हा शब्दकोश त्याच दिवशी दिलात. म्हणालात, "शब्द पाठ करू नकोस, त्यांच्या घरी जाऊन ये." मग यजमानांचा विषय काढलात. पहिल्यांदाच. स्लिपरचं सांगितलंत, हसलात. म्हणालात, "त्यांच्या ऑफिसात वारसांचे अर्ज यायचे. दिवसभर ते मेलेल्यांच्या नावाआधी ‘लेट’ टाइप करायचे. मी शाळेतून आल्यावर ‘आज लेट झाले हो’ म्हटलं की दचकायचे. म्हणायचे, अहो, तो शब्द घरात नको." भाची औषध घेऊन आली, तुम्ही तिला हातानेच थांबवलंत आणि माझ्याकडे वळलात. "त्या दिवशी ते आणखी काही बोलले का गं? तू काय म्हणालीस त्यांना?"

"बाई पोस्टात गेल्यात म्हटलं."

"मग दहा मिनिटं थांबायला काय झालं होतं त्यांना?" असं म्हणून तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. पुढच्या पंधरवड्यात तुम्ही गेलात.

त्या मुलीला मी काल उत्तर दिलं. म्हटलं, या शब्दाचं मूळ उशिरात नाही गं, थकण्यात आहे. ती म्हणाली, "दमले होतेच ते, मॅम. खूप." मग वहीत लिहून घेतलं. तिचं समाधान झालं असावं. माझं झालं नाही, म्हणून रात्रभर जागून सकाळी हे लिहायला बसले. पत्र कुठे टाकायचं नाहीये, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

बाई, मी पोस्टाचं बोललेच नव्हते. तेरा वर्षांची मुलगी, घरात एकटी, दारात अनोळखी पुरुष, त्यांनी विचारलं, "बाई आहेत ना घरात? थोडा थांबू का?" मला ते आत यायला नको होते. मोठ्या माणसांसारखं, रुबाबात काहीतरी बोलावं म्हणून तुमचंच वाक्य माझ्या तोंडात आलं. मी म्हटलं, "बाई लेट आहेत."

त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. ती उचलायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग खालूनच त्यांनी विचारलं, "अरेरे. कधी?"

मी म्हटलं, "आत्ताच."